समासातला ठिपका

दोन्ही संग्रहालय संघांनी मिळून स्मरणिका काढायचं ठरलं आणि त्यात 'आपल्यातली एक व्यक्ती' या सदरासाठी टेपताईवर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी घरी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." त्यानं पुन्हा विचारलं नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तेवढं तो शिकला आहे.

आधीच सांगून टाकते. मला टेपताईचा मत्सर वाटतो. हेवा नव्हे. हेवा हा सौम्य शब्द आहे, तो मी जावेच्या नव्या सोफ्यासाठी राखून ठेवला आहे. टेपताईचं नाव निघालं की मी विषय बदलते, आणि समोरचा तिचं कौतुक करत असेल तर मला त्याचाही राग येतो, मग तो कितीही सज्जन असो. अशा बाईकडून हे लिखाण मागवणं ही संपादक मंडळाची चूक आहे. पण मंडळाला ते ठाऊक नव्हतं. मंडळाला बरंच काही ठाऊक नव्हतं.

मी कोण ते सांगते. नदीच्या अलीकडे आमचं जुन्या टपालखात्याचं संग्रहालय आहे. खाली तीन दालनं, वर भांडार आणि भांडाराला लागून माझी खोली. तेवीस वर्षं मी तिथल्या नोंदी ठेवते. वस्तू आली की तिला क्रमांक द्यायचा, तिचं वर्णन लिहायचं, मापं घ्यायची, कुठून आली, कुठे ठेवली ते वहीत चढवायचं. लोकांना वाटतं संग्रहालय म्हणजे वस्तू. अहो, नोंदच नसेल तर संग्रहालय आणि भंगारचं दुकान यांत फरक तो फक्त तिकिटाचा.

आमच्या कामाचे दोन नियम मी कुणालाही पहिल्या दिवशी शिकवते. एक, नोंदवहीत खोडायचं नाही. चूक झाली तर ती ओळ तशीच ठेवायची आणि खाली 'दुरुस्ती' म्हणून खरं काय ते लिहायचं. पुढच्याला चूकही दिसली पाहिजे आणि ती कुणी सुधारली तेही. दोन, वाचताना कुठे शंका आली तर समासात पेन्सिलनं बारीक ठिपका द्यायचा. गोल नाही, बाण नाही, ठिपका. माझा हात आता या बाबतीत मला विचारत नाही. घरी वर्तमानपत्र वाचतानासुद्धा मी ठिपके देते आणि शब्दकोडं सोडवायला बसलेला नवरा वैतागतो.

आता संघांचं. छोट्या संग्रहालयांचा एक संघ नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. चौदा वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून, तर एका परिषदेत व्यासपीठावर मधली खुर्ची कुणाची यावरून. त्या खुर्चीवर बसायला भांडलेले दोघेही आता हयात नाहीत, पण भांडण ठणठणीत होतं. भांडारातली दमट हवा सुकवणाऱ्या यंत्रांसाठी दोन्ही संघ एकाच निधीकडे वेगवेगळे अर्ज करायचे, एकमेकांच्या अर्जाला छुपे फाटे फोडायचे, आणि दोघांनाही नकाराचं एकच पत्र यायचं, शब्दन्‌शब्द तेच. शेवटी निधीच्या कार्यालयातल्या एका वैतागलेल्या बाईनं दोन्ही अध्यक्षांना एकाच वेळी बोलावलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून एक अर्ज करा, नाहीतर दोघंही पुन्हा येऊ नका."

त्यातून सगळं सुरू झालं. एक अर्ज. दोन्हीकडच्या सगळ्या वस्तूंची संगणकावर एक सामाईक यादी. सरकारदरबारी एकच शिष्टमंडळ. कर्मचाऱ्यांचं एकत्र प्रशिक्षण. वर्षाच्या शेवटी सहा संग्रहालयांतल्या चाळीस वस्तूंचं फिरतं प्रदर्शन. आणि प्रदर्शन मार्गी लागलं की एक कायमची जागा भरायची होती, संयुक्त प्रशिक्षकाची. दोन्ही संघांच्या सगळ्या संग्रहालयांत जाऊन लोकांना काम शिकवायचं.

ती जागा माझी होती. म्हणजे अजून कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण दुसरं कोण होतं? पदवी माझ्याकडे, पदविका माझ्याकडे, अक्षर असं की आमचे साहेब पाहुण्यांना नोंदवही दाखवतात. मी मनातल्या मनात प्रवासाची बॅगसुद्धा भरली होती.

आणि मग पहिल्या प्रशिक्षणाला मागच्या बाकावर गळ्यात शिंप्याची टेप अडकवलेली एक बुटकी बाई येऊन बसली. हीच टेपताई.

सकाळचं सत्र माझं होतं. मी नोंदीचे नियम सांगितले, ठिपका सांगितला. लोक माना डोलवत होते. मागच्या बाकावरची बाई मान डोलवत नव्हती, लिहून घेत होती. मधल्या सुट्टीत जवळ आली आणि म्हणाली, "ताई, ठिपका पेन्सिलनंच का? शाईनं का नको?"

"वस्तूच्या आसपास शाई नेत नाही आपण."

"हां. आणि चुकीची शंका असली तर पुसता येतो."

"तेही आहे," मी म्हटलं. तेवीस वर्षांत मला ते सुचलं नव्हतं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

दुपारचं सत्र तिचं, वस्तू बांधण्याचं. जेवणानंतरची वेळ, सगळे पेंगुळलेले. मला बरं वाटलं. तिनं टेबलावर एक साधी चहाची किटली ठेवली आणि म्हणाली, "मी काही बोलत नाही. एकेकानं या आणि हिचं माप घ्या." चौदा जण गेले, अकरा उत्तरं आली. कुणी दांडी धरली, कुणी सोडली. कुणी झाकणाची घुंडी विसरला. एक जण तोटीच्या टोकापासून मोजायला लागला आणि टेप घसरून त्याच्या नाकावर बसली. लोक हसून हसून जागे झाले. "आता हिच्यासाठी खोकं करा," ती म्हणाली. "कुणाच्या मापाचं करू? बाकीच्या दहा मापांची खोकी केली तर किटली फुटणार." बस, एवढंच. त्या चौदा जणांपैकी एकही जण आता आयुष्यात घुंडी विसरणार नाही. माझा ठिपका किती जणांच्या लक्षात राहिला असेल कोण जाणे.

माझं माप बरोबर होतं, हेही नोंदवते. मी आकडे सांगितले तेव्हा तिनं विचारलं, "ताई, आधी कुठलं म्हणालात?"

"रुंदी. मग उंची, मग खोली. आमच्या संस्थापकांनी पहिल्या वहीत तसं लिहिलं, तेव्हापासून तसंच."

"आमच्याकडे उंची आधी. यादी एकच होणार ना आता? संगणकवाल्या भाऊंना सांगायला हवं."

"मी सांगते," मी म्हटलं. आणि विसरले. हे विसरणं खरं आहे. संध्याकाळी सगळे तिच्याभोवती घोळका करून उभे होते आणि माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही.

व्यक्तिचित्र म्हणून सांगितलंय तर तिचं आयुष्यही सांगितलं पाहिजे. ते मी तिच्याकडूनच ऐकलं, नाइलाजानं, कारण शिष्टमंडळाच्या गाडीत आम्हाला शेजारी बसवलं होतं.

तिचे वडील शिंपी. एका जिन्याखाली दुकान, एक यंत्र, एक स्टूल. ती नऊ वर्षांची असताना वडिलांची नजर अधू व्हायला लागली. शिवण त्यांना हातानं जमे, पण टेपवरचे आकडे दिसेनात. गिऱ्हाइकांना हे कळलं तर धंदा बसणार. म्हणून शाळेतून आली की ही स्टुलावर उभी राहून मापं घ्यायची, आकडा मोठ्यानं बोलायची आणि वडील मान हलवत खडूनं लिहायचे, जणू मुलीला शिकवतायत. एकदा एका जाड्या गृहस्थांना बरं वाटावं म्हणून तिनं पोटाचा आकडा दोन बोटं कमी सांगितला. कोट बसेना. वडील रागावले नाहीत. त्यांनी तिला बसवून पूर्ण कोट उसवायला लावला आणि म्हणाले, "जेवढं आहे तेवढंच बोल. तुला चांगलं दिसावं म्हणून नको, समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही नको."

दहावीनंतर गणवेश शिवायच्या कारखान्यात गेली. लग्न झालं, दोन मुली झाल्या, कारखाना बंद पडला. पलीकडच्या वस्त्रसंग्रहालयाला जुन्या पोशाखांसाठी सुती पिशव्या शिवून हव्या होत्या. चाळीस दिवसांचं काम होतं. त्या चाळीस दिवसांची चौदा वर्षं झाली. पोशाखाला टाचणी का लावायची नाही, कागद कुठला वापरायचा, वाळवी कशी ओळखायची, हे ती उभ्या उभ्या, विचारून विचारून शिकली. पदविका नाही. तिनं शिवलेली पिशवी वस्तूवरून काढताना मात्र कसलाही आवाज होत नाही. मी कान देऊन पाहिलंय.

शिष्टमंडळाचंही सांगते, कारण तिथे माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. छोट्या संग्रहालयांतली निम्मी माणसं वर्षानुवर्षं हंगामी धरली जातात, ते बदलावं म्हणून आम्ही अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. अकरा पानांचं निवेदन मी लिहिलं होतं. तीन रविवार त्यात गेले होते. अधिकाऱ्यांनी ते उघडलं, मिटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात टेपताई उठली, गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या टेबलाची लांबी मोजली.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली. "साहेब, आमच्या अख्ख्या भांडाराचं कामाचं टेबल नव्वद आहे. त्यावर सहा जण काम करतो. त्यातले चार चौदा वर्षं हंगामी. एकदा बघायला या."

साहेब हसले. आणि पुढच्या आठवड्यात खरंच आले! चार जणांच्या नेमणुकीची फाइल हलली. माझं निवेदन त्या फाइलीला जोडलेलं आहे असं मला सांगण्यात आलं. असेल.

घरीही सुटका नव्हती. प्रशिक्षणाची चित्रफीत संघानं सगळ्यांना पाठवली होती. एके दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर नवरा ती पाहत बसलेला. त्याचा आणि संग्रहालयाचा संबंध माझ्या डब्यापुरता. "ही किटलीवाली बाई काय मस्त शिकवते गं!" तो म्हणाला.

"पुढे बघ. माझंही आहे."

"ते आधीच होतं ना? ते पाहिलं मी." एवढंच म्हणाला. छान नाही, वाईट नाही, पाहिलं. मी त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरले, आणि त्यानं मुकाट्यानं खाल्ली.

याहून वाईट म्हणजे ती माझ्याशी चांगली वागायची. एका बैठकीत माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं. जेवायच्या सुट्टीत कोट खुर्चीवर टाकून हात धुवायला गेले, परत आले तर बटण पक्कं. दोराही कोटाच्या रंगाचा. तिनं बोलून दाखवलं नाही, मी आभार मानले नाहीत. तो कोट मी पुढे दोन महिने घातला नाही आणि थंडीनं काकडत फिरले. माणूस मत्सरात किती मूर्खपणा करतो याची ही एक छोटी नोंद.

आता घड्याळाचं. आमच्या संग्रहालयात तार कार्यालयातलं एक भिंतीवरचं घड्याळ आहे. उंच, अरुंद, पुढे काच, आत पितळी लंबक. दर मंगळवारी त्याला किल्ली मीच देते, तेवीस वर्षं. साहेब बदलले, दालनांचे रंग बदलले, घड्याळ आणि मी तिथेच. ते आडवं केलेलं चालत नाही. लंबक ज्या पातळ पट्टीवर लोंबतो ती पट्टी वाकते, आणि तसली पट्टी आता कुठे मिळत नाही. फिरत्या प्रदर्शनासाठी आमच्या नऊ वस्तू निवडल्या, त्यांत हे घड्याळ होतं.

चाळीस वस्तूंसाठी लाकडी पेट्या बनवायच्या होत्या. निधी एकदाच मिळालेला, पेट्या एकदाच होणार. बांधणीची जबाबदारी टेपताईची, सुताराला जाणाऱ्या यादीवर सही तिची. सामाईक यादीतून मापं काढून तिनं प्रत्येक संग्रहालयाकडे त्यांच्या वस्तूंचं पान तपासायला पाठवलं. आमचं पान एका गुरुवारी माझ्या टेबलावर आलं.

संगणकवाल्यानं दोन्हीकडचे आकडे जसेच्या तसे ओळीनं ओतले होते. पहिला आकडा उंचीच्या रकान्यात, दुसरा रुंदीच्या. आमचा पहिला आकडा रुंदीचा. त्यामुळे कागदावर माझं घड्याळ एक्केचाळीस सेंटिमीटर उंच आणि एकशे बावीस सेंटिमीटर रुंद झालं होतं. आमच्या नऊच्या नऊ वस्तू अशाच आडव्या पडल्या होत्या. ते पाहिल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. टेपताईला फोन करायचा होता, पण त्या दिवशी कार्यालयात फार गडबड होती आणि सांगायचं राहून गेलं. पानावर सही होऊन ते परत गेलं.

तीन आठवड्यांनी पेट्या आल्या. आमच्या तळमजल्यावर दोन्ही संघांचे अध्यक्ष, आमचे साहेब, सुतार, सगळे जमलेले. टेपताई हातमोजे घालून उभी. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिले होते, तिथून नीट दिसतं म्हणून. घड्याळ भिंतीवरून उतरवलं, दोघांनी धरलं, पेटीकडे नेलं.

पेटी उभी होती.

घड्याळ तिच्यात उभंच्या उभं गेलं, इतकं अलगद की सुतारानंच "वा!" म्हटलं. आत सुती गाद्या, लंबकासाठी वेगळी मऊ पट्टी. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटासा खिसा शिवलेला, किल्लीसाठी. तेवीस वर्षं ती किल्ली माझ्या खणात एका खिळ्याला लटकत होती. तिच्यासाठी खिसा असावा असं मला कधी वाटलं नाही. घड्याळ वाचलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण त्याच्या आधी त्या खिशाचा मत्सर झाला. काय करू?

दारावरचे काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "बाई भारी आहेत हां," ते म्हणाले. "त्या सोमवारी आल्या होत्या ना, आपली सुट्टी असते तेव्हा. साहेबांना विचारून आल्या. नऊच्या नऊ वस्तू मोजल्या. तीन तास. पाणीसुद्धा बाहेर जाऊन प्यायल्या."

"कुठल्या सोमवारी?"

काकांनी वही पाहून सांगितलं. मी पान परत पाठवलं त्याच्या पुढचाच सोमवार होता.

सगळे चहाला गेले तेव्हा मी तिला गाठलं. "तुम्ही मोजायला आलात. मला कळवलं नाहीत."

तिनं पिशवीतून आमचं ते पान काढलं. खाली माझी सही, 'तपासले, ठीक.' आणि वर, घड्याळाच्या ओळीशेजारी, समासात पेन्सिलचा बारीक ठिपका.

तो मी दिला होता. मला आठवतसुद्धा नव्हतं. हातानं आपलं काम करून टाकलं होतं.

"खाली ठीक लिहिलंय आणि वर ठिपका," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, शंका आली की ठिपका. मग मी ते एक्केचाळीस-एकशे बावीस वाचलं आणि किटली आठवली, तुमच्याकडे रुंदी आधी. शुक्रवार, शनिवार, रविवार तुमच्या फोनची वाट पाहिली. सोमवारी आले."

"तुम्हीच फोन करायचा."

"करणार होते," ती म्हणाली. "तुम्ही कराल असं वाटलं." आणि टेप गुंडाळून गळ्यात घातली.

पुढच्या बैठकीत संयुक्त प्रशिक्षकाच्या जागेचा विषय निघाला. पलीकडचे अध्यक्ष म्हणाले की पेट्यांच्या बाबतीत टेपताईनं फार मोठा अनर्थ टाळला, नऊ वस्तू आणि सगळा निधी वाया गेला असता. मी खाली मान घालून बसले होते. आता ती सांगणार, मला वाटलं. सांगू दे.

ती उभी राहिली. "चूक मला नव्हती सापडली. ताईंनी पानावर ठिपका दिला होता. तो नसता तर मी पान तसंच सुताराला देणार होते."

एवढं बोलून बसली. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. फोनचं तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. बाकीचं सगळं त्या सज्जन लोकांनी आपलं आपण जुळवलं. टाळ्या झाल्या. आमचे साहेब म्हणाले, "तेवीस वर्षांची नजर आहे ती!" आणि पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र माझ्या नावानं आलं. टेपताईनं मला अभिनंदनाला एक सुती पिशवी शिवून दिली, प्रवासात नोंदवही ठेवायला. गेले तीन महिने त्या पिशवीत नोंदवही घालून मी गावोगाव ठिपक्याचं महत्त्व शिकवत हिंडते आहे.

तर या पार्श्वभूमीवर हा लेख मी लिहिला. जिच्यावर लिहिलं तिला छापण्याआधी वाचायला द्यावं अशी स्मरणिकेची पद्धत आहे, म्हणून मसुदा तिच्याकडे पाठवला. मत्सराचं सगळं त्यात होतं. कोटाचं होतं, मिठाचं होतं, खिशाचं होतं. मला वाटलं, इतकं उघड लिहिल्यावर आता लपवण्यासारखं काय राहिलं? प्रामाणिकपणाबद्दल कौतुकसुद्धा होईल, अशीही एक आशा होती.

पाच दिवसांनी मसुदा परत आला. आठ पानं. मी पान उलटत गेले. तिच्या वडिलांच्या अधू नजरेबद्दल लिहिलं होतं, तिथे काही नव्हतं. तिला बुटकी म्हटलं होतं, तिथे काही नव्हतं. सहाव्या पानावर, जिथे 'सांगायचं राहून गेलं' असं लिहिलंय त्या ओळीशेजारी, समासात पेन्सिलचा एक ठिपका होता.

मी फोन केला. या वेळी लगेच केला.

"ठिपका पाहिला."

"हं," ती म्हणाली. मागे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

"पुसू शकते मी तो. पेन्सिलचा आहे."

"हो ना. चुकीची शंका असली तर पुसा."

मी खणातून खोडरबर काढून मसुद्यावर ठेवलं. ती म्हणाली, "ताई, यंत्रावर कापड चढवलेलं आहे. ठेवू?"

तिनं फोन ठेवला. मी मसुदा समोर घेऊन बसले. ती एक ओळ काढून टाकून सगळं नव्यानं लिहिता आलं असतं. पण तेवीस वर्षं मी लोकांना सांगत आले आहे की खोडायचं नाही. म्हणून वरची ओळ वर तशीच राहू दिली आहे, वाचकांनी ती पाहावी. हा मजकूर आज दोन्ही अध्यक्षांकडे जातो आहे. माझ्या नेमणुकीचं पत्रही सोबत जोडलं आहे. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. संगणकवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं, ते तसंच वाचावं, ते खरं आहे. दुसऱ्या ठिकाणी मात्र असं वाचावं.

दुरुस्ती : त्या गुरुवारी कार्यालयात काही गडबड नव्हती. पान समोर ठेवून मी पाऊण तास बसले होते, फोन हाताशी होता, चहा निवून गेला. पेट्या आल्यावर सगळ्यांसमोर तिचं तोंड कसं होईल हे मला पाहायचं होतं. त्यासाठी घड्याळ मोडलं तरी चालेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. म्हणून मी फोन केला नाही.